भाचीच्या कॉलेजचा हिशेब

"पैशाचं तू बघू नकोस, तू फक्त अभ्यासाकडे लक्ष दे." मराठी घरात वाढलेल्या बहुतेकांनी हे वाक्य ऐकलेलं आहे. आता आमच्या पिढीतले आईबाप अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या मुलांना तेच ऐकवतात. त्यामागची माया खरी असते. पोटाला चिमटा काढू, पण पोरांच्या शिक्षणाच्या आड पैसा येऊ देणार नाही, ही जिद्द मी फार जवळून पाहिली आहे आणि तिच्याबद्दल मला आदरच आहे. तरीही कॉलेज निवडायला बसलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला हे वाक्य ऐकवू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. त्या निवडीत पैसा हा निम्मा विषय असतो, आणि तो तिच्याच पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा असतो.

यंदा ही वेळ माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी आली. भाचीला समुद्री जीवशास्त्र शिकायचं आहे. मार्चअखेर तिच्या हातात दोन पत्रं होती. एक होतं नामांकित खासगी युनिव्हर्सिटीचं. तिथला वर्षाचा छापील खर्च ट्युशन (म्हणजे शिकवण्याची फी), डॉर्म (वसतिगृह), जेवण धरून ९०,००० डॉलरच्या वर. दुसरं शेजारच्या राज्यातल्या सरकारी युनिव्हर्सिटीच्या ऑनर्स कॉलेजचं, म्हणजे हुशार मुलांसाठीच्या वेगळ्या विभागाचं. तिथं चारही वर्षांची ट्युशन माफ, शिवाय डॉर्मच्या खर्चातला काही भाग शिष्यवृत्तीतून.

"एवढ्या नावाच्या ठिकाणी नंबर लागला, आणि पैशासाठी नाही म्हणायचं?" ताई म्हणाली. "कर्ज काढू." भावोजी काहीच बोलले नाहीत. ते लॅपटॉप उघडून घरावर आणखी किती कर्ज मिळेल ते बघत होते.

आधी त्या छापील आकड्याबद्दल. अमेरिकेतल्या खासगी कॉलेजांची छापील फी फार थोडी घरं पूर्ण भरतात. पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांना ही कॉलेजं सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात. म्हणून नुसता आकडा वाचून हबकून जायचं कारण नाही. २००८ च्या कायद्यानुसार २०११ पासून प्रत्येक कॉलेजला आपल्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवावा लागतो. घरचं उत्पन्न आणि बचत भरली की आपल्याला साधारण किती पडेल ते तिथं दिसतं. अर्ज करायच्या आधी अर्धा तास काढून हे करावं. कितीतरी घरं पत्र आल्यावरच हिशेबाला बसतात, आणि तोवर मुलीचं मन त्या कॅम्पसवर राहायलाही गेलेलं असतं.

उत्पन्न कमी असेल तर सगळं गणितच उलटं होतं. प्रिन्स्टननं २००१ मध्ये विद्यार्थ्यांना द्यायच्या मदतीतून कर्ज काढून टाकलं, त्याजागी परत न करायची ग्रँट दिली. हार्वर्डमध्ये २०२५-२६ पासून २,००,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना ट्युशन नाही, आणि १,००,००० च्या आतल्या घरांना राहण्या-जेवणाचाही खर्च नाही. एमआयटीनंही २,००,००० च्या आतल्या घरांची ट्युशन माफ केली. अशा घरातल्या मुलीला तिथं प्रवेश मिळाला तर जगातलं सगळ्यात महागडं दिसणारं कॉलेज तिला घराजवळच्या सरकारी कॉलेजपेक्षा स्वस्त पडू शकतं. नुसत्या आकड्याला घाबरून तिनं अर्जच केला नाही, तर त्यासारखं दुसरं नुकसान नाही.

खरा पेच मधल्या घरांचा. मदत मिळायला उत्पन्न जास्त आणि चेक फाडायला कमी. इथली बरीच मराठी घरं नेमकी या पट्ट्यात बसतात. दोघांच्या नोकऱ्या, हप्त्यावरचं घर, निवृत्तीसाठी बाजूला टाकलेले पैसे. मदतीसाठीच्या सरकारी फॉर्ममध्ये, म्हणजे फॅफ्सामध्ये, राहतं घर धरत नाहीत. पण अनेक खासगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल नावाचा आणखी एक फॉर्म मागतात, त्यात घरात साठलेली रक्कमही विचारतात. पूर्वी दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की सरकारी हिशेबात आईबापांचा वाटा विभागला जायचा. २०२४-२५ पासून तेही गेलं. भाचीचा भाऊ तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. म्हणजे दोन वर्षं दोघांचा खर्च एकदम.

आणि गुणवत्तेवरची शिष्यवृत्ती? आयव्ही लीगच्या, म्हणजे हार्वर्ड-प्रिन्स्टनसारख्या जुन्या नामांकित, आठही विद्यापीठांत ती नसते, तिथली मदत फक्त गरजेवर ठरते. तिथं आलेला प्रत्येक जण हुशारच असतो, असा त्यांचा मुद्दा. गुणांवर पैसे देतात ती एक पायरी खालची खासगी कॉलेजं, आणि हुशार मुलं ओढून आणायची इच्छा असलेली सरकारी विद्यापीठं. ही 'पायरी' मी इथल्या रिवाजाप्रमाणे म्हणते आहे, शिकवण्याच्या दर्जाशी तिचा संबंध आहेच असं नाही.

आता ते खासगी युनिव्हर्सिटीचं पत्र. ते मी हातात घेऊन वाचलं. वर अभिनंदन, खाली एक चौकट, चौकटीत 'आर्थिक मदत' असं शीर्षक आणि शेवटी ठळक अक्षरात बेरीज. बेरीज बघून ताईचा चेहरा उजळला होता. आम्ही पेन्सिल घेऊन एकेक ओळ वाचत गेलो. पहिली ओळ युनिव्हर्सिटीची ग्रँट. ती खरी मदत, परत करायची नाही. दुसरी ओळ वर्क-स्टडी, म्हणजे कॅम्पसवर काम मिळालं आणि केलं तर मिळणारा पगार. तिसरी आणि चौथी ओळ भाचीच्या नावावरचं सरकारी कर्ज, पण तिथं कर्ज असा शब्दच नव्हता, नुसती लघुरूपं होती. पाचवी आणि सगळ्यात मोठी ओळ पेरेंट प्लस. ते आईबापांच्या नावावरचं कर्ज. ग्रँट ठेवून बाकीच्या ओळी खोडल्या तेव्हा उरलेली रक्कम बेरजेच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही नव्हती.

भाची बराच वेळ त्या कागदाकडे बघत होती. मग म्हणाली, "मावशी, म्हणजे ही मदत बाबाच बाबांना करणार आहेत."

हे फक्त तिच्याच पत्रात आहे असं नाही. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेनं कॉलेजांची अशी पत्रं तपासली. साधारण ९१ टक्के कॉलेजं विद्यार्थ्याला शेवटी पडणारी खरी किंमत एक तर सांगत नाहीत, नाहीतर कमी करून दाखवतात, असा तिचा निष्कर्ष होता. २०१८ च्या एका अभ्यासात एकाच प्रकारच्या सरकारी कर्जाला ४५५ कॉलेजांनी मिळून १३६ वेगवेगळी नावं दिलेली आढळली, त्यातल्या २४ नावांत कर्ज हा शब्दच नव्हता. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना, आणि ज्यांचे आईबाप इंग्रजीत चाचपडतात अशाही मुलांना, ही पत्रं पाठवली जातात. याचा मला मनापासून राग येतो. घर विकत घेताना कर्जाचा कागद कसा लिहायचा याचे नियम आहेत. इथं एका मुलीची बावीस ते बत्तीस ही दहा वर्षं गहाण पडतात, आणि कागदावर काय लिहायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं!

विद्यार्थ्याच्या नावावर सरकार देतं ते कर्ज मर्यादित आहे. पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, मग दोन वर्षं ७,५००, चार वर्षांचे मिळून २७,००० डॉलर. एवढं कर्ज पदवीनंतर साधारण नोकरीवर फेडता येतं, त्याला मी भीत नाही. भीती त्यापुढच्या कर्जाची. पेरेंट प्लस आधी पूर्ण खर्चाइतकं मिळायचं. जुलै २०२६ पासून नव्यानं घेणाऱ्यांसाठी त्यावर वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,००० डॉलर अशी मर्यादा आहे. मर्यादा आली म्हणून फी कमी होत नाही, मग उरलेलं भगदाड बँकांच्या खासगी कर्जानं भरायचं, त्यावर आईबापांची सही. आणि शैक्षणिक कर्ज दिवाळखोरीतही सहजी सुटत नाही.

आम्ही १,००,००० डॉलरचा हिशेब मांडला. ७ टक्के व्याज, १० वर्षं. महिन्याला १,१६१ डॉलरचा हप्ता, एकूण फेड १,३९,००० च्या पुढे. तिच्या चार वर्षांचा खड्डा याहून मोठा होता, पण समजायला सोपं म्हणून एवढाच आकडा घेतला.

मला जे सांगायचं आहे ते या १,१६१ मध्ये आहे. समुद्री जीवशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी पहिली दोन-तीन वर्षं काय करते? मोसमी कामं. मासेमारीच्या बोटीवर निरीक्षक, एखाद्या संशोधन केंद्रात फील्ड टेक्निशियन, मत्स्यालयात मदतनीस. पगार बेताचा, सहा महिन्यांचा करार, आज एका किनाऱ्यावर तर उद्या दुसऱ्या. या विषयात पुढे जाणारे बहुतेक जण याच वाटेनं जातात. डोक्यावर हजाराच्या वरचा हप्ता असलेली मुलगी ही वाट धरूच शकत नाही. ती पगार बघून मिळेल ती नोकरी धरेल, वरिष्ठ त्रास देत असला तरी सोडणार नाही, आणि दोन वर्षांनी परत समुद्राकडे जाईन असं स्वतःला सांगत राहील. पीएचडीला गेली तर हप्ते बहुतेक पुढे ढकलता येतात, पण व्याज चढतच राहतं. म्हणजे ज्या आवडीपोटी एवढं महाग शिक्षण घ्यायचं, त्या आवडीचं काम करण्याची मोकळीकच त्या शिक्षणाच्या किमतीत जायची. कर्जाचा विचार मी असा करते. व्याज किती, यापेक्षा उद्या मुलीला कशाकशाला नाही म्हणावं लागेल, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

ताईचा मुद्दा मात्र सोडून देण्यासारखा नव्हता. "नावाला काहीच किंमत नाही का?"

आहे. पण कुणासाठी किती, ते वेगवेगळं आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये एक फार नेटका अभ्यास प्रसिद्ध केला. १९७६ मध्ये कॉलेजात गेलेल्या मुलांचा. नामांकित कॉलेजातली मुलं पुढे जास्त कमावतात हे सगळ्यांनाच माहीत होतं, पण ते कॉलेजमुळे की मुळात ती मुलंच तशी म्हणून? त्यांनी तुलनेसाठी अशी मुलं घेतली, ज्यांनी साधारण सारख्याच ठिकाणी अर्ज केले होते आणि ज्यांना सारखेच होकार-नकार आले होते, पण गेली वेगवेगळ्या कॉलेजांत. नंतरच्या कमाईत जवळजवळ फरक नव्हता. मात्र गरीब घरांतल्या मुलांना नामांकित कॉलेजचा स्पष्ट फायदा झाला होता. पुढे १९८९ च्या मुलांवर त्यांनी तेच तपासलं, तेव्हा कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आईबाप फार न शिकलेल्या मुलांबाबत तसाच फायदा दिसला.

२०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी आयव्ही लीगची आठ आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो अशा बारा विद्यापीठांची तुलना मोठ्या सरकारी विद्यापीठांशी केली. सरासरी कमाईत फारसा फरक नाही, पण देशातल्या सगळ्यात वरच्या एक टक्का कमावणाऱ्यांत पोहोचण्याची शक्यता दीडपटीच्या आसपास, आणि नावाजलेल्या कंपन्यांत लागण्याची जवळजवळ तिप्पट. ताईला मी दोन्ही अभ्यास सांगितले, सोयीचा तेवढा एकच नाही.

यावरून माझं मत असं बनलं. घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात जात असेल, तर नामांकित ठिकाणाहून भरघोस ग्रँट मिळाल्यावर मागेपुढे बघू नये. त्या मुलीला तिथं ओळखी मिळतात, मोठ्या माणसांशी बोलायची सवय होते, कुठं काय विचारायचं ते कळतं. माझ्या भाचीच्या घरी हे सगळं आधीपासून आहे. तिचे आईबाप इंजिनियर, काका डॉक्टर, मावशी शिकवणारी. शिवाय तिचं ते खासगी कॉलेज त्या बारा विद्यापीठांतलं नाही. चकचकीत नावाची, बारात नसलेली आणि बाराइतकीच महाग अशी खासगी कॉलेजं अमेरिकेत भरपूर आहेत. पालक सगळ्यात जास्त कर्ज तिथंच काढतात.

शिष्यवृत्तीची बाजूही डोळे मिटून घ्यावी अशी नसते. पहिला प्रश्न, ती टिकते कशावर? जॉर्जिया राज्यानं १९९३ मध्ये होप शिष्यवृत्ती सुरू केली, ती टिकवायला जीपीए, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांची सरासरी, ३ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. पुढे अभ्यासकांना दिसलं की ती सांभाळायला मुलं कमी विषय घेतात, अवघड वाटलेला विषय मध्येच सोडतात, काही विषय उन्हाळ्यावर ढकलतात. शिष्यवृत्ती हातची जाईल या धास्तीनं मुलगी ऑरगॅनिक केमिस्ट्री टाळू लागली तर शिष्यवृत्तीचा उपयोग काय? म्हणून भाचीनं ईमेल करून विचारलं. किमान जीपीए किती, एखादं सत्र खाली गेला तर सुधारायला वेळ मिळतो का, ट्युशन वाढली की शिष्यवृत्ती वाढते का, सत्रभर दुसऱ्या देशात शिकायला गेलं तर चालू राहते का, बाहेरची छोटी शिष्यवृत्ती मिळाली तर इथली कापणार का. ही कापाकापी सर्रास चालते. मेरीलँडनं २०१७ मध्ये आपल्या सरकारी कॉलेजांना त्यावर बंदी घातली, तसं करणारं ते पहिलं राज्य. उत्तरं बहुतेक चांगली आली, एक गोलमोल आलं, तर तिनं पुन्हा विचारलं. पोरीचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं.

मग आम्ही दोन्ही कॅम्पस बघून आलो. टूर घेणारी मुलं सगळीकडे सारखीच गोड बोलतात. भाचीनं टूर संपल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना गाठून एकच प्रश्न विचारला, जो तिला माझ्या एका सहकाऱ्यानं सुचवला होता: "तुला शिफारसपत्र हवं असेल तर कुणाकडे मागशील?" सरकारी युनिव्हर्सिटीत एका मुलानं बराच विचार केला आणि एका सहायक शिक्षकाचं नाव घेतलं. तिथंच ऑनर्सच्या एका मुलीनं लगेच दोन प्राध्यापिकांची नावं सांगितली, आणि त्यातल्या एकीच्या लॅबमध्ये ती दुसऱ्या वर्षापासून खेकड्यांच्या अळ्या मोजते आहे असंही. खासगीत तिघांनी चटकन उत्तर दिलं. पहिल्या वर्षाचा बायोलॉजीचा वर्ग मात्र दोन्हीकडे तसाच, शेकडो खुर्च्या आणि पुढे लांबवर पडदा. शिक्षकांशी जवळीक खासगीत जास्त सहज होते हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही. सरकारीत ती मिळवावी लागते, आणि बुजऱ्या मुलांना ते जड जातं. मूल बुजरं असेल तर हा मुद्दा पैशाइतकाच धरावा.

परतताना गाडीत ताई आमच्या वडिलांबद्दल बोलली. त्यांचा पगार किती, हे आम्हा बहिणींना त्यांनी कधी सांगितलं नाही. ताईच्या इंजिनियरिंगसाठी त्यांनी पतपेढीचं कर्ज घेतलं होतं, हे आम्हाला ते निवृत्त झाल्यावर कागद लावताना कळलं. "मला माहीत असतं तर मी पहिलीच नोकरी घेतली असती, दुसऱ्या चांगल्या नोकरीची वाट बघत आठ महिने थांबले नसते," ताई म्हणाली. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "म्हणूनच सांगितलं नसेल." दोन्ही खरं आहे. पण तेव्हाचं कर्ज बाबांच्या पगारातून फिटणारं होतं. आताचं कर्ज आईबापांची निवृत्ती गिळतं आणि पोरीची तरुणाईही गिळतं. ते तिच्यापासून लपवून ठेवणं मला मान्य नाही.

त्या रात्री भावोजींनी घरातले सगळे आकडे टेबलावर मांडले. बचत, घराचा हप्ता, धाकट्यासाठीचे पैसे. भाची तासभर प्रश्न विचारत होती. दुसऱ्या दिवशी तिनं खासगी युनिव्हर्सिटीच्या फायनान्शियल एड ऑफिसला फेरविचाराचा अर्ज लिहिला. भावोजींच्या आईच्या उपचारांचा खर्च पहिल्या फॉर्ममध्ये आलाच नव्हता, त्याची कागदपत्रं जोडली. असा अर्ज करायला पालक लाजतात, वास्तविक तो रीतसर मार्ग आहे आणि ऑफिसला मदत बदलायचा अधिकार असतो. ग्रँट थोडी वाढलीही. पुरेशी नाही.

१ मे च्या आधी तिनं सरकारी युनिव्हर्सिटीला होकार कळवला. त्या दिवशी ती रडली, आणि मी तिची समजूत घालायला गेले नाही. त्या खासगी युनिव्हर्सिटीचं समुद्रकिनारी स्वतःचं संशोधन केंद्र आहे, पहिल्या वर्षाची मुलं तिथं बोटीतून नमुने आणायला जातात. ते हातचं गेलं. शिष्यवृत्ती कितीही चांगली असली तरी त्याची भरपाई तिच्यात नाही.

नकार कळवताना तिनं त्या केंद्रातल्या प्राध्यापिकेला एक वेगळी ईमेल लिहिली: मी येऊ शकत नाही, पण उन्हाळ्यात बाहेरचे विद्यार्थी घेता का? उत्तर दोन दिवसांत आलं. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशावर चालणारे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचे उन्हाळी संशोधन कार्यक्रम देशभर असतात, ते इतर कॉलेजांतल्या मुलांना घेतात आणि विद्यावेतनही देतात. त्यांच्याकडेही तसा एक आहे, पहिलं वर्ष झालं की अर्ज कर, दोन शिफारसपत्रं लागतील. भाचीनं लगेच ऑनर्सच्या त्या खेकडेवाल्या मुलीला मेसेज करून तिच्या दोन्ही प्राध्यापिकांची नावं पुन्हा विचारून घेतली. त्यातली एक पहिल्या सत्रात शिकवते. तिचा विषय भाचीनं घेतला आहे.